दांडीचे बूट

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त घडलं ते चिपळूणच्या एका लग्नात. आमचा नातू, वय वर्षं तीन, मांडवभर धावत होता. त्याच्यामागे त्याची आई आणि तिच्यामागे वाटी-चमचा घेऊन मी. जेवणं आटोपल्यावर त्याचे डोळे मिटायला लागले, तशी सूनबाईंनी पिशवीतून त्याचे बूट काढले आणि कोपऱ्यात बसून त्याच्या पायांत चढवले. दोन छोटे बूट आणि त्यांना जोडणारी मधली दांडी. बघता बघता भोवती सात-आठ जणी जमल्या. "अगोबाई, हे काय कैद्यासारखं?" "चालतो की चांगला! मग आता कशाला हे?" आणि एक वयस्कर बाई (नात्यातल्याच आहेत, म्हणून नाव घेत नाही) माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ग्रहण पाळलं नव्हतं ना हिनं?"

तिथे मला उत्तर देता आलं नाही. सनई चालू होती, आहेराची गडबड होती, आणि खरं सांगायचं तर शब्दच सुचले नाहीत. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पण योग्य उत्तर नेहमी घरी परत आल्यावरच सुचतं. ते आज इथे लिहिते. आमची नातेवाईक मंडळी हे वाचतात, हे मला ठाऊक आहे. मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे हे. शेवटी मला माझी एक चूकही कबूल करायची आहे.

आधी हा प्रकार काय ते सांगते. बाळ जन्मतं तेव्हाच त्याचं पाऊल आत आणि खाली वळलेलं असतं. टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे बघणारा. डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात, आपण नुसतं 'पाय वाकडा' म्हणून मोकळे होतो. हजार बाळांमागे साधारण एकाला हे असतं. मुलग्यांत मुलींच्या जवळजवळ दुप्पट. निम्म्या बाळांचे दोन्ही पाय असे असतात. आमच्या नातवाचा एकच, उजवा.

आता ग्रहणाचं. २५ ऑक्टोबर २०२२ ला सूर्यग्रहण होतं. ऐन दिवाळीत आलं होतं, लक्ष्मीपूजन झालं आणि पाडव्याच्या आधी मधला एक दिवस ग्रहणाचा. आमच्याकडून सूर्य ग्रहणातच मावळताना दिसला, पंचांगवाले ज्याला ग्रस्तास्त म्हणतात तसा. सूनबाईंना तेव्हा सातवा महिना होता. इथे लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत त्या नोकरी करतात. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विळीवर कांदा चिरला, हे शेजारच्या घरातून पाहिलं गेलं आणि लक्षातही ठेवलं गेलं. जानेवारीत बाळ जन्मलं आणि पाय बघितल्याबरोबर कांद्याची आठवण निघाली.

इतिहासाच्या शिक्षिकेला सनावळीची सवय असते. आधी काय घडलं आणि नंतर काय, एवढं एकदा नीट मांडलं की निम्मे वाद मिटतात. तर मंडळी, पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी त्याच वर्षी गणपतीच्या आधी झाली होती आणि उजवं पाऊल आत वळलेलं आहे, हे त्या सोनोग्राफीतच दिसलं होतं. म्हणजे ग्रहणाच्या दोन महिने आधी. आम्ही कुणाला बोललो नव्हतो, इतकंच. कांदा नंतरचा आहे, पाय आधीचा!

मग कारण काय? नेमकं कारण अजून कुणाला ठामपणे सांगता येत नाही. पण घराण्यात आधी कुणाला असेल तर शक्यता वाढते, हे डॉक्टरांना माहीत आहे. म्हणून त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "घरात कुणाला होतं का असं?" सूनबाई "नाही" म्हणाल्या. त्यांना माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. मग म्हटलं, "होतं. माझ्या आत्याला."

माझ्या माहेरी, खेड तालुक्यातल्या एका वाडीत, आमची आत्या होती. जन्म १९३५ च्या सुमाराचा. तिचा डावा पाय असा होता. अंगण सारवून ओलं असताना ती त्यावरून गेली, की एक पाऊल पूर्ण उमटे आणि दुसऱ्याच्या जागी नुसती बाहेरची कड. पावसाळ्यात चिखलातही ती खूण ओळखू येई. आम्ही मुलं त्या खुणेवरून आत्या कुठे गेली ते शोधत असू. तेव्हा तो खेळ वाटायचा. तिच्या पायाला बसेल अशी चप्पल कधी कुणी केलीच नाही. लहानपणी हाडवैद्याने तेल चोळून, बांबूच्या कांबी लावून पाय बांधला होता म्हणे, पण कांब्या सोडल्या आणि पाऊल परत फिरलं. मग कुणी हात लावला नाही. तिचं लग्न झालं नाही. भातलावणीपासून स्वयंपाकापर्यंत सगळं घर तिनेच ओढलं.

आणि आमची आजी? आत्या पोटात असताना ग्रहणात तिने विड्याचं पान मुडपलं होतं, अशी तिची पक्की समजूत होती. पान मुडपलं, म्हणून पाय मुडपला. मरेपर्यंत तिने पुन्हा विडा खाल्ला नाही. जेवणानंतर सगळ्यांना पानं लावून देई, स्वतः मात्र खात नसे. मी हे लहानपणापासून बघितलं होतं. तरीही त्या दिवशी डॉक्टरांसमोर क्षणभर का होईना, गप्प बसावंसं वाटलं. दोष दुसऱ्याच्या पदरात पडत असेल, तर माणसाला किती सोयीचं होतं, बघा. हा पाय आलाच असेल कुणाकडून, तर तो बहुधा माझ्या माहेराहून आला. सूनबाईंकडून नाही. हे एकदा सगळ्यांसमोर लिहायचं होतं, ते लिहिलं.

आता इतिहास. नातवाच्या निमित्ताने मी जमेल तेवढं वाचलं, लेकाकडून इंग्रजी लेख समजावून घेतले. (आमचं बी.ए. मराठी माध्यमातलं, डीबीजे कॉलेजचं, त्यामुळे वैद्यकातले इंग्रजी शब्द आले की अजूनही ठेच लागते.) वाचता वाचता एक गोष्ट फार जाणवली. वाकडं पाऊल सरळ कसं करायचं, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. ते सरळ ठेवायचं कसं, हे मात्र तो पुन्हा पुन्हा विसरत आला.

आपल्याकडे महाभारतात अष्टावक्राची कथा आहे. गर्भात असतानाच त्याने वडिलांच्या पाठांतरातली चूक काढली, आणि वडिलांनी रागावून शाप दिला, म्हणून तो आठ ठिकाणी वाकडा जन्मला. पुढे समंगा नदीत स्नान केल्यावर त्याचं अंग सरळ झालं. वर्गात ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेन! पण एक गोष्ट आता कुठे ध्यानात आली. त्या कथेतसुद्धा दोष बापाचा आहे, आईचा नाही. आईवर ढकलायचं काम आपण नंतर केलं.

ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिस होऊन गेला, त्याला आता सुमारे चोवीसशे वर्षं झाली. त्याच्या परंपरेतल्या ग्रंथात या पायाचा उपचार आहे. बाळ लहान असतानाच सुरुवात करावी, मेणाला आकार द्यावा तसं हळूहळू पाऊल वळवावं, पट्ट्यांनी बांधावं, आणि सरळ झाल्यावरही खास पादत्राण घालून ते तसंच धरून ठेवावं. जोर करू नये. आजचा उपचार जवळजवळ हाच आहे! मधल्या काळात मात्र बराच हिसका-हिसकी झाली.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हॅनोव्हरला स्ट्रोमायर नावाच्या डॉक्टरांनी टाचेमागची ताठ शीर त्वचेखालून बारीक छेद देऊन मोकळी करायची पद्धत १८३१ च्या सुमाराला रूढ केली. लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल लहानपणच्या आजारानंतर स्वतः वाकड्या पायाने चालत. १८३६ साली ते हॅनोव्हरला गेले आणि आपली शीर कापून घेतली. भूल देण्याचा शोध त्यानंतर दहा वर्षांनी लागला, तेव्हा कल्पना करा. पाय सुधारल्यावर ती विद्या त्यांनी लंडनला नेली आणि तिथे अशा रुग्णांसाठी खास रुग्णालय काढलं. पुढे १८५२ साली मॅथाइसन नावाच्या डच लष्करी डॉक्टरांनी प्लास्टरच्या पट्ट्या प्रसिद्ध केल्या. म्हणजे प्लास्टर आलं, छोटा छेद आला. साधनं सगळी जमली. पण मग घाई झाली. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांच्या नावाचा चक्क पान्हा होता, पाऊल पकडून जोराने पिळायचा. पाऊल एकदम सरळ दिसे, पण आतले नाजूक सांधे दुखावत आणि पाय ताठ होई.

१९३० च्या दशकात दोन वाटा निघाल्या. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात डॉ. काइट यांनी पान्हा बाजूला ठेवून आठवड्यामागून आठवडे प्लास्टर लावायला सुरुवात केली. हेतू सौम्य होता, पण अंगठा दाबायची जागा थोडी चुकली. टाच अडकून राही आणि बाळांचं दीड-दोन वर्षं प्लास्टर संपत नसे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या बालरुग्णालयात डेनिस ब्राउन होते, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्यांनी बाळाची दोन्ही पावलं दोन पत्र्यांवर चिकटपट्टीने बसवली आणि ते पत्रे एका दांडीने जोडले. बाळ एक पाय झाडतं तेव्हा दुसरा पाय आपोआप बाहेर वळतो. म्हणजे बाळाचंच बळ उपचाराला लावलं. आमच्या नातवाच्या बुटांमधली दांडी ती हीच. लग्नातल्या मंडळींना ती बेडी वाटली, पण तिच्या मुळाशी बाळाने पाय झाडावेत हीच कल्पना आहे.

आणि मग पोन्सेटी. इग्नासिओ पोन्सेटी यांचा जन्म १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर एका घड्याळजीच्या घरी झाला. लहानपणी वडिलांच्या दुकानात बारीक चाकं जुळवायची सवय. बार्सिलोनात डॉक्टर झाले आणि स्पेनचं यादवी युद्ध सुरू झालं. हरणाऱ्या बाजूला होते. शेवटी जखमींना घेऊन पिरेनीज डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये गेले, तिथून मेक्सिकोत, आणि १९४१ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात. तिथे त्यांनी पूर्वी शस्त्रक्रिया झालेले वाकड्या पायांचे रुग्ण तपासले. पाय दिसायला सरळ, पण ताठ आणि दुखरे. त्यांनी ठरवलं, कापायचं कमी आणि समजून घ्यायचं जास्त.

त्यांना उमगलं ते असं. तान्ह्या बाळाच्या पावलातली हाडं अजून बरीचशी कूर्चाच असतात, आणि सांध्यांचे बंध हळूहळू ताणले तर लांबतात. घोट्यातल्या एका हाडावर अंगठा टेकवायचा आणि त्याच्या आधाराने सगळं पाऊल एकत्र बाहेर फिरवायचं, दार बिजागरीवर फिरावं तसं. टाचेवर हात ठेवायचा नाही, ती आपसूक जागेवर येते. थोडं फिरवायचं, प्लास्टर लावायचं. आठवड्याने काढून आणखी थोडं. पाच-सहा प्लास्टरांत काम होतं. बहुतेक बाळांना शेवटी टाचेमागची शीर छोट्या छेदाने मोकळी करावी लागते. मग तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. तेवढ्यात शीर लांब होऊन पुन्हा जुळते. आणि त्यानंतर दांडीचे बूट.

पोन्सेटींनी १९६३ साली आपले निष्कर्ष छापले. फारसं कुणी ऐकलं नाही. १९७० च्या दशकात उलट मोठ्या शस्त्रक्रियांची चलती झाली. १९९५ साली त्यांच्या जुन्या रुग्णांची तीस वर्षांनंतरची तपासणी प्रसिद्ध झाली, आणि १०० पैकी ७८ जणांचे पाय चांगले चालत असल्याचं दिसलं. ज्यांना जन्मतः काहीच नव्हतं अशा लोकांत ते प्रमाण ८५ होतं. म्हणजे फार फरक नव्हता. तरी जग बदललं ते डॉक्टरांमुळे कमी, आईवडिलांमुळे जास्त. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेट आलं, आणि ज्यांची बाळं बरी झाली ते पालक इतर पालकांना सांगू लागले. लोक तान्ही मुलं घेऊन आयोवाला जाऊ लागले. पोन्सेटी तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. पंचाण्णवाव्या वर्षी, २००९ मध्ये ते गेले, तोवर काम करत होते. माझ्यासारख्या उतारवयात टंकलेखन शिकलेल्या बाईला हे वाचून फार बरं वाटलं.

आपल्या महाराष्ट्रातही या पायांसाठी कमी धडपड झालेली नाही. १९४७ साली मुंबईत फातेमा इस्माईल यांनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी दवाखाना काढला. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता. त्यातूनच पुढे हाजी अलीचं मुलांचं अस्थिरुग्णालय उभं राहिलं. मुंबईच्याच डॉ. बी. बी. जोशी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'जेस' नावाची पद्धत बसवली. हाडात बारीक तारा घालून बाहेरच्या सळ्यांनी पाऊल रोज थोडं थोडं ताणायचं. ज्यांचे पाय वेळेवर सरळ झाले नाहीत, अशा मोठ्या मुलांना तिचा उपयोग झाला. आपल्याकडे 'वेळेवर' हाच तर प्रश्न होता! खेड्यात कुणी लंगडताना दिसलं की पोलिओ म्हणून सोडून देत. पोलिओचे डोस घरोघर गेले, २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला, पण वाकडा पाय जन्मल्या आठवड्यापासून बरा करता येतो, हे घरोघर गेलं नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरहून झाली. त्यात जन्मतः असणाऱ्या दोषांच्या यादीत हा पायही आहे. अंगणवाडीत तपासणीला पथक येतं, ते यासाठीसुद्धा. आत्याच्या वेळी असं काही असतं तर... असो.

आता घरातलं सांगते, कारण या इतिहासाचा शेवटचा भाग घरातच घडतो.

आमच्या नातवाला दहाव्या दिवसापासून प्लास्टर लागलं. आठवड्याला एक, अशी सहा. मांडीपर्यंत प्लास्टर, म्हणजे पायांवर घेऊन आंघोळ घालणं बंद. नुसतं ओल्या फडक्याने अंग पुसायचं. दर आठवड्याला पहाटेची गाडी, मांडीवर बाळ, पिशवीत दुपटी. शेवटच्या प्लास्टरात पाऊल इतकं बाहेर वळलेलं होतं की माझ्या मनात आलं, आता हे उलट्या बाजूला वाकडं झालं! पण तेवढं वळवावंच लागतं.

२०२३ च्या पाडव्याच्या आदल्या दिवशी बूट मिळाले. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास. पुढे रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार वर्षांचा होईपर्यंत. दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांएवढी. वाकड्या पायाचा बूट साठ-सत्तर अंश बाहेर वळवलेला, चांगल्या पायाचा तीस-चाळीस. पुष्कळजण विचारतात, चांगल्या पायाला शिक्षा कशाला? अहो, एकट्या पायाला बाहेर धरून ठेवणार कशाच्या आधाराने? चांगला पाय हा वाकड्या पायाचा सोबती आहे.

घालायचीही रीत आहे. शिवण न टोचणारे सुती मोजे. गुडघा वाकवायचा, टाच बुटात पूर्ण खाली बसवायची, मधला पट्टा आधी घट्ट करायचा. बुटाच्या मागे भोक असतं, त्यातून टाच दिसली पाहिजे. पाय लाल झाला तर तेल, मलम काही लावायचं नाही, कातडी मऊ पडून आणखी सोलते. झोळीत दांडी मावेना, म्हणून झोळी काढून माळ्यावरचा लाकडी पाळणा उतरवला. दांडीला जुन्या साडीची पट्टी गुंडाळली, नाहीतर ती पाळण्यावर ठक-ठक आपटे आणि आमच्या कपाळावरही! पहिले दोन दिवस बाळ फार रडलं. दोन्ही पाय एकदम हलवता येतात, हे त्याला शिकवावं लागतं. दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, एकदम सरळ करायचे, वर एखादं गाणं. तिसऱ्या दिवशी तो ते स्वतःच करायला लागला.

चोवीस तासांतला एक तास मोकळा. कोकणातला मे महिना, घामाच्या धारा, आणि तो एक तास. पाय सुटल्याबरोबर बाळ जे हसायचं! त्या तासात कोमट पाण्याची आंघोळ, मग पाय कोरडे करून नुसते कुरवाळत बसायचं. त्या तासासाठी मी सकाळपासून वाट बघत असे. आणि माझी चूकही तिथूनच सुरू झाली.

जूनअखेर सूनबाईंची रजा संपली. सकाळच्या पाळीला त्या जात, बाळ माझ्यापाशी. तोवर बूट फक्त झोपेपुरते उरले होते. रात्रीही तो माझ्याजवळ झोपे, सूनबाईंना झोप मिळावी म्हणून. दात येत होते, रात्री किरकिर करायचा. एका रात्री मी बूट काढले, तर शांत झोपला. पहाटे सूनबाई उठायच्या आत परत चढवले. दुसऱ्या रात्री पुन्हा. दुपारी तर घालणंच सोडलं. मनाला म्हटलं, पाय तर सरळ झालाय, लेकराचा छळ कशाला? पाच महिने हे चाललं. मी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे चुकतंय हे मला कळत होतं, नाही का?

दिवाळीनंतर टाच बुटात बसेना. मागच्या भोकातून दिसेना. तपासणीला गेलो. डॉक्टरांनी पाऊल वर करून बघितलं, पुरेसं येईना. विचारलं, "बूट किती वेळ घालता?" सूनबाई म्हणाल्या, "सांगितलंत तितका वेळ." मी खिडकीबाहेर बघत बसले. पाय परत वळायला लागला होता. पुन्हा तीन आठवडे प्लास्टर, दर आठवड्याला नवं. दहा महिन्यांचं बाळ, नुकतं धरून उभं राहायला लागलेलं.

परतीच्या गाडीत मी सूनबाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. अंजणी स्टेशन येईपर्यंत नाही. मग म्हणाल्या, "आई, त्याचं रडणं मलाही ऐकवत नाही. पण मला उठवायचं होतंत. दोघी मिळून रडलो असतो." एवढंच. त्यानंतर आजवर तो विषय त्यांनी काढलेला नाही. एक शब्द नाही. कांद्यावरून आम्ही, म्हणजे या घराने आणि शेजाराने, त्यांना किती ऐकवलं होतं ते मला त्या गाडीत आठवत होतं.

घरी आल्यावर मी शाळेतल्यासारखा हजेरीपट आखला. एक रकाना रात्रीचा, एक दुपारच्या झोपेचा. बूट घातले की वेळ, काढले की वेळ, आणि शेवटी सही. कधी माझी, कधी सूनबाईंची, कधी लेकाची. गैरहजेरी असेल तर कारण लिहायचं. ताप होता, गाडीत होतो, जे असेल ते खरं. पाच महिन्यांच्या कोऱ्या जागेवर पहिल्या पानावर मीच लिहिलं आहे: 'आजीची चूक'. ती वही पुढे नातवाला देणार आहे.

आमच्या आत्याच्या हाडवैद्याचा मला पूर्वी राग यायचा. आता येत नाही. त्यानेही पाय थोडाफार फिरवला असेलच. पण कांब्या सुटल्यावर रोज रात्री, वर्षानुवर्षं, काय आणि का करायचं ते त्या घराला कुणी सांगितलं नाही. हिप्पोक्रेटिसपासून पोन्सेटींपर्यंत डॉक्टरांचे हात बाळाच्या पायाला लागतात ते मोजून सात-आठ वेळा. त्यानंतरच्या सुमारे चौदाशे रात्री घरच्यांच्या असतात. त्या रात्रींचा इतिहास कुठल्याच ग्रंथात नाही. पाय वाकडा झाला तर आईने काहीतरी केलं म्हणायचं, आणि सरळ झाला तर डॉक्टरांचा हातगुण! मधल्या रात्री कुणाच्या नावावर मांडायच्या?

म्हणून मंडळी, पुढच्या लग्नात आमचा नातू दिसला, तर तो चालतोय मग बूट कशाला, असं विचारू नका. बूट घालतो म्हणून चालतोय. अजून एक वर्ष आहे. आणि तुमच्या ओळखीत कुठे असं बाळ जन्मलं, तर ग्रहणाची चौकशी करू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या, आणि नंतर बाळाच्या आईला एखाद्या रात्री झोपू द्या. बूट तुम्ही घाला. काढू मात्र नका!

काल रात्री नातू स्वतःच बूट घेऊन माझ्याजवळ आला आणि पाय पुढे करून म्हणाला, "आजी, हजेरी." दिवा मालवायच्या आधी मी वहीत वेळ लिहिली. साडेनऊ.

आज इथेच थांबते.